दहाच्या आधी संपणारं वर्तुळ

सोमवार, ४ मार्च

आज वन्संनी मला टेम्प्लेट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मला! लोकांची लग्नं, कारखान्यांची उद्घाटनं आणि शाळांचे समारंभ यांच्या फिल्म्स कापता-जोडता या खुर्चीवर माझे केस पांढरे झाले, आणि ही मला सांगते, "वहिनी, हे बघ, इथे फक्त नाव टाइप करायचं. बाकी सगळं आपोआप."

आपोआप. हा शब्द माझ्यासमोर कोणी उच्चारला की त्याच्याबद्दलचं माझं मत कायमचं ठरून जातं.

डावीकडून एक निळी पट्टी घसरत येते, तिच्यावर नाव उमटतं, जरा थांबतं आणि आलं तसं निघून जातं. माणूस कोणीही असो, पट्टी तीच. आम्ही दोघं नवरा-बायको प्रत्येक नाव हाताने आणायचो. काही माणसांची नावं हळूच यायला हवीत, काहींची धाडकन. हे कोणाला शिकवता येत नाही. वन्संना तर नाहीच.

वन्सं म्हणजे माझी नणंद. माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, घरात सगळ्यांची ठमी. हा गेला त्यानंतर वर्षभर मी स्टुडिओ एकटीने चालवला. 'चालवला' हे वन्संना मान्य नाही. तिच्या मते मी तो नुसता धरून बसले होते. जानेवारीत ती जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून इथे आली. "तुला मदत करायला." मी मागितली नव्हती. मागच्या गल्लीत खोली घेतली आणि दुसऱ्या दिवशी याच्या टेबलावर स्वतःचा लॅपटॉप मांडून बसली. याच्या टेबलावर! त्याचा पेनांचा डबा तिने हलवला नाही, एवढं मात्र कबूल करायला हवं. लॅपटॉप तिरका ठेवते, पण डबा हलवत नाही. तिरका ठेवून मान दुखते म्हणून दिवसभर कुरकुरते ते वेगळंच.

काम आलंय ते फिजिओबाईंचं. गुडघ्यांच्या व्यायामाच्या फिल्म्स. पेशंटने घरी लावायच्या आणि बघून व्यायाम करायचा. पाय उचलून धरला की पडद्याच्या कोपऱ्यात एक वर्तुळ भरत जाणार, आत एक ते दहा आकडे फिरणार, आणि बाई स्वतः आवाजात मोजणार. दहा झाले की वर्तुळ पूर्ण आणि बाई म्हणणार, "सोडा." वर्तुळाचं टेम्प्लेट वन्सं बनवतायत. आपोआप.

बुधवार, ६ मार्च

आज मनापासून हसले. बऱ्याच महिन्यांनी.

वन्संचं वर्तुळ टाइमलाइनवर, म्हणजे फिल्म जोडायच्या पट्टीवर, ठेवलं, बाईंचा आवाज खाली ठेवला आणि चालवून बघितलं. बाई म्हणतायत "आठ", आणि कोपऱ्यात वर्तुळ भरून, दहाचा आकडा दाखवून, वर हिरवी बरोबरची खूण करून मोकळं झालेलं. बाई बिचाऱ्या रिकाम्या कोपऱ्याला "नऊ, दहा" ऐकवतायत.

मी तिला हाक मारली. म्हटलं, "तुझ्या वर्तुळाला कुठे जायची घाई आहे का?"

तिने दोनदा चालवून बघितलं. मग म्हणाली, "माझ्या मशीनवर बरोबर चालतंय."

"मग असं करू. सगळ्या पेशंटांना तुझ्या मशीनसमोर रांगेत उभं करू. लंगडत येतील बिचारे."

"वहिनी, मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय?"

तिने लॅपटॉप उचलून माझ्यासमोर आणला आणि चालवून दाखवलं. तिथे बाईंचा "दहा" आणि वर्तुळ अगदी गळ्यात गळा घालून येत होते. मी म्हटलं, तुझ्या घरचं मांजर तुझ्याच घरात शहाणं असणार. अडली की ती खालच्या आवाजात पुटपुटते, "असं कसं, असं कसं." तिचा भाऊही हेच करायचा. त्याच्या तोंडी ते शोभायचं.

शुक्रवार, ८ मार्च

शेवटी व्हायचं तेच झालं. आपोआपचं हाताने मलाच निस्तरावं लागलं. प्रत्येक वर्तुळाची क्लिप धरून ओढली, बाईंच्या दहापर्यंत ताणली. मोजणी जुळली, पण शेवटी वर्तुळाने हळूच विरून जायचं असतं ना, ते आता मधेच तुटतं. दिवा गेल्यासारखं.

फिजिओबाई बघायला आल्या. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. या बाईंना सगळं 'थोडं अजून' हवं असतं. थोडं अजून ठळक. थोडं अजून उत्साही. गुडघा दुखणाऱ्या माणसाला उत्साही वर्तुळ दाखवून काय मिळणार ते त्यांनाच ठाऊक. तुटणारा शेवट त्यांना दिसलासुद्धा नाही. दोन फिल्म्स पेन ड्राइव्हवर घेऊन गेल्या, सोमवारी दवाखान्यात खऱ्या पेशंटांवर लावून बघणार आहेत. एक फिल्म मी पूर्ण ताणलेली आहे. दुसरीतलं ताणायचं एक वर्तुळ राहून गेलं की काय, अशी शंका आत्ता लिहिताना येते आहे. नसेल राहिलं.

सोमवार, ११ मार्च

राहिलं होतं.

मी आणि वन्सं दवाखान्यात पोचलो, तर सहा-सात पेशंट खुर्च्यांवर बसलेले. समोर टीव्ही. पहिल्या रांगेत एक निवृत्त हेडमास्तर, पाठ ताठ, असे की व्यायामालाही इस्त्रीचा सदरा घालून आलेले. वर्तुळ पूर्ण झालं तसा त्यांनी पाय खाली ठेवला. बाईंचा आवाज म्हणाला "नऊ". आपली चूक झाली या समजुतीने त्यांनी झटकन पाय पुन्हा वर घेतला, आणि गुडघ्यात असं काही भरलं की खुर्चीचा हात धरून डोळे मिटून बसले. बाकीचे अर्धे वर, अर्धे खाली. कवायत फसलेल्या पलटणीसारखे.

हेडमास्तर डोळे न उघडता म्हणाले, "मी आकड्यांवर विश्वास ठेवला."

फिजिओबाईंनी टीव्ही बंद केला. "मला नको ही फिल्म. मी तोंडाने मोजीन. निदान मी तरी दहाच्या आधी दहा म्हणत नाही."

मी लगेच सांगितलं, सगळ्यांसमोर, "वर्तुळ यांनी केलंय. माझं नाही." आणि वन्संकडे बोट केलं. बोट करायची गरज नव्हती. स्टुडिओतलं तिथे दुसरं कोणी नव्हतंच.

ती हेडमास्तरांसमोर खाली बसली आणि त्यांना विचारलं, कुठे दुखतंय. ते म्हणाले, "आता नाही दुखत बाळ, तू ऊठ." बाळ! पस्तिशीची घोडी.

परत येताना जिन्यात मी म्हटलं, "मोठ्या कंपनीत एखादी चूक खपून जाते. इथे माणसांचे गुडघे असतात." ती म्हणाली, "हो." एवढंच. तिच्याशी भांडताही येत नाही. उशीवर बुक्क्या मारल्यासारखं वाटतं.

मंगळवार, १२ मार्च

वन्संनी शेवटी शेपूट घातलं. सविस्तर लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

सकाळी येऊन म्हणाली, "आज मी तुझ्या मशीनवर बसू का? बघते काय होतंय." बस म्हटलं.

"नवीन प्रोजेक्ट कुठून उघडतेस तू?"

"जिथून नेहमी उघडते तिथून."

आमच्याकडे कोरा प्रोजेक्ट कधी उघडत नाहीत. याने स्टुडिओ सुरू केला तेव्हाच एक प्रोजेक्ट बनवून ठेवला होता. आमची सुरुवातीची पाटी, रंग, आवाजाच्या पातळ्या, सगळं त्यात लावलेलं. त्याची प्रत काढायची आणि काम सुरू करायचं. फाइलचं नाव त्यानेच दिलंय, 'इथून सुरू कर'. पहिल्याच आठवड्यात मी गोंधळून विचारलं होतं की मी कुठून सुरू करू, तर दुसऱ्या दिवशी ही फाइल हजर. रोज सकाळी मी ती उघडते. काम नसलं तरी उघडते. हे वन्संना सांगायची गरज नव्हती म्हणून सांगितलं नाही.

तिने फाइल उघडली. मग सेटिंगची खिडकी उघडली आणि तिथेच थांबली. माऊसवर हात तसाच.

"हे दादाने लावलं होतं?"

"मग कोणी? त्याला यातलं सगळं कळायचं."

"तू यात कधी काही बदललं नाहीस?"

"बदलण्यासारखं काय आहे त्यात?"

ती बराच वेळ त्या खिडकीकडे बघत राहिली. नंतर माझ्याकडे. माझ्या तोंडाला काही लागलंय की काय असं वाटून मी पदर फिरवला. तिने खिडकी बंद केली, फाइल बंद केली, खुर्ची नीट आत सरकवली.

"माझंच चुकलंय, वहिनी. टेम्प्लेटमध्येच आहे चूक. मी दुरुस्त करून देते."

मी म्हटलं, "बघ, मी पहिल्या दिवसापासून सांगत होते." ती म्हणाली, "हो, सांगत होतीस." डोळे लाल झाले होते. एसीचा वारा थेट त्या खुर्चीवर येतो. यालाही त्रास व्हायचा.

चूक कबूल करणाऱ्या माणसाला जास्त बोलू नये म्हणतात. मी बोलले. तासभर तरी.

शुक्रवार, १५ मार्च

दुरुस्त वर्तुळं आली. चोख. ठेवलं की बाईंच्या दहाला दहा. ओढावं लागत नाही, तुटत नाही. फिजिओबाईंनी पुन्हा हेडमास्तरांना बसवलं, ते म्हणाले, "आता हिशेबात आहे." काम परत मिळालं.

म्हणजे येत होतं तिला. मग पहिल्यांदाच नीट करायला काय झालं होतं? या पिढीला दुसरी संधी मिळणारच आहे असं गृहीत धरायची सवय लागली आहे.

एक गंमत. तिच्या लॅपटॉपवर आता दोन फोल्डर दिसतात, 'वर्तुळं' आणि 'वर्तुळं – वहिनीसाठी'. मी विचारलं, माझ्यासाठी वेगळी ताटं कशाला? म्हणाली, "राहू दे गं." चुकीची वर्तुळं जपून ठेवते आहे. अडगळ जमवायची हौस त्यांच्या घराण्यातच आहे.

मंगळवार, १९ मार्च

चांगली बातमी! वन्संना एका बातम्यांच्या वाहिनीकडून बोलावणं आहे. ग्राफिक्स खातं, दुसरं शहर. तिने इथे येण्याआधीच अर्ज केला होता, त्यांनी आत्ता उत्तर दिलं. चहा पिताना म्हणाली, "मी अजून हो म्हटलेलं नाही. तुझं इथलं बघून..."

"माझं इथलं उत्तम चाललंय."

"तसं नाही गं. एकटीला..."

"एकटीला जास्त उत्तम."

तिने कप उचलून विसळायला नेला. ते टेबल मला परत हवं आहे. दुपारी ऊन त्या टेबलावर येतं तेव्हा तिथे कोणी बसलेलं नसावं, एवढीच माझी मागणी आहे. जगाकडे याहून कमी काय मागायचं?

बुधवार, २० मार्च

खातेप्रमुखांचा मलाच फोन. वन्सं सध्या माझ्याकडे काम करते म्हणून चौकशी. गळ्यात मफलर गुंडाळून बोलत असल्यासारखा आवाज.

देवाने दिलेली संधी. मी अशी सुटले की माझी मलाच लाज वाटली. सांगितलं, हात अचूक आहे. डोळा त्याहून अचूक. चूक झाली तर कारणं देत नाही, दुरुस्त करून समोर ठेवते. ज्याच्यासाठी फिल्म करायची त्या माणसाच्या पायाशी जाऊन बसते आणि त्याला काय दुखतं ते विचारते. हे मी दुसऱ्या कोणाला करताना बघितलेलं नाही. कोणी कितीही बोललं तरी आवाज चढवत नाही. आणि दुसऱ्याच्या टेबलावर काम करताना त्याच्या वस्तू हलवत नाही.

ते म्हणाले, "एवढं चांगलं माणूस तुम्ही सोडताय?"

मी म्हटलं, "मोठ्या मनाने."

फोन ठेवल्यावर पोटभर हसायचा विचार होता. जमलं नाही, फिजिओबाईंचा फोन आला. थोडं अजून काहीतरी हवं होतं.

शुक्रवार, २२ मार्च

सगळं मुसळ केरात.

वन्सं मुलाखत देऊन आली. पर्स खांद्यावर तशीच, चप्पलही काढली नाही, दारात उभी. "तू त्यांना असं सांगितलंस?"

"कसं?"

"त्यांनी लिहून घेतलं होतं. मला वाचून दाखवलं." तिचा आवाज फुटला. "पायाशी बसते वगैरे. वहिनी, तू तोंडावर तर मला कधी..."

"तोंडावर काय बोलायचं असतं? पुढचं सांग. कधीपासून जायचं?"

"मी नाही जात."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"मला वाटत होतं, मी तुला नकोच आहे. म्हणून जाणार होते. आता नाही जात. त्यांना सोमवारी कळवते." आणि तिने मला मिठी मारली. पर्ससकट. पर्सचं बक्कल माझ्या कानाला टोचलं.

घरी आल्यावर आरशासमोर उभी राहून मी स्वतःला मूर्ख म्हटलं. मोठ्याने. तिला घालवायला जी तोंडाची वाफ दवडली, तिच्यावरच ती मुक्काम ठोकून बसली.

शनिवार, २३ मार्च

आज तिला सुट्टी दिली आणि पुरावा गोळा करायला बसले. ठरवलं होतं असं: तिची पहिली, चुकलेली वर्तुळं घ्यायची, अगदी कोऱ्या प्रोजेक्टमध्ये टाकायची, म्हणजे कोणी माझ्या सेटिंगकडे बोट दाखवायला नको. वर्तुळ आठलाच संपताना तिला दाखवायचं आणि म्हणायचं, तू अजून कच्ची आहेस, मोठ्या ठिकाणी जाऊन शीक. तुझ्याच भल्यासाठी.

आयुष्यात पहिल्यांदा कोरा प्रोजेक्ट उघडला. कॅमेऱ्यातली क्लिप टाकली. सॉफ्टवेअरने क्लिप बघून स्वतःहून टाइमलाइन लावून घेतली. वर्तुळ ठेवलं. चालवलं.

बाई म्हणाल्या "दहा". वर्तुळ दहाला भरलं. विरून गेलं, हळूच.

मला वाटलं, मी चुकून दुरुस्त केलेलं घेतलं. मग दुरुस्त केलेलं ठेवून बघितलं. ते दहाला पूर्ण होईचना. बाई "सोडा" म्हणाल्या तरी ते रांगत होतं.

दोन्ही प्रोजेक्टची सेटिंगची खिडकी उघडून शेजारी शेजारी ठेवली. कोऱ्याची टाइमलाइन सेकंदाला पंचवीस फ्रेमची, म्हणजे पंचवीस चित्रांची. आमचा कॅमेरा पंचवीसचा, म्हणून. 'इथून सुरू कर'ची तीसची. टेम्प्लेट सेकंद मोजत नाही, फ्रेम मोजतं. पंचवीसच्या हिशेबाने बनवलेलं वर्तुळ तीसच्या टाइमलाइनवर पळणारच. आणि पहिली क्लिप ठेवली की टाइमलाइनचा तो आकडा कायमचा. बदलायला गेले तर खिडकी करडी, हातच लागत नाही.

आमचा अगदी पहिला कॅमेरा तीसचा होता. तो विकून दुसरा घेतला तेव्हा याने कॅमेऱ्याची पिशवी बदलली, ट्रायपॉड बदलला. फाइल तशीच राहिली.

चूक टेम्प्लेटमध्ये नव्हती. चूक या फाइलमध्ये होती, आणि तिने ती त्या मंगळवारीच बघितली होती. माऊसवर हात ठेवून.

रविवार, २४ मार्च

जुन्या फिल्म्स काढून बघितल्या. मुंडावळ्या बांधलेले नवरे, फीत कापणारे साहेब. कोणी चालत असेल तर पाऊल अधूनमधून किंचित अडखळतं. पंचवीसचं तीसमध्ये बसवताना सॉफ्टवेअर एखादी फ्रेम दोनदा दाखवतं, म्हणून. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर अडखळत होते सगळे. मी म्हणत होते, लोकांना कॅमेऱ्यासमोर चालता येत नाही.

त्याला सगळं कळायचं.

सोमवार, २५ मार्च

आज ती कळवणार होती, म्हणून सकाळीच तिच्या खोलीवर गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. एक खाट, एक खिडकी, दोरीवर टॉवेल. खुर्ची एकच, तिच्यावर इस्त्रीचे कपडे. तिने ते उचलून मला बसायला दिलं आणि स्वतः खाटेच्या कडेवर टेकली.

"तू माझ्याशी खोटं बोललीस," मी म्हटलं.

"कधी?"

"तीस आणि पंचवीस."

"कसं कळलं?"

"तुला तोंडघशी पाडायला गेले आणि स्वतःच पडले. ते जाऊ दे. तू का नाही सांगितलंस? त्या हेडमास्तरांसमोर मी तुझ्याकडे बोट केलं तेव्हा तुला माहीत नव्हतं, ठीक. पण दुसऱ्या दिवशी? तासभर ऐकून घेतलंस माझं!"

"काय सांगू? तू म्हणालीस, त्याला सगळं कळायचं."

"मग?"

"मग काय. तू रोज सकाळी ती फाइल उघडतेस तेव्हा मी समोरच बसलेली असते गं वहिनी."

मला राग आला. दुसरं काय येणार होतं? दया दाखवून घ्यायची सवय नाही मला. म्हटलं, "माझी कीव करायची गरज नाही. ती फाइल मी काढून टाकली काल."

ती ताडकन उठली. "काढून टाकलीस?"

"चुकीची होती."

"चुकीची होती म्हणून काय झालं? कोणाला विचारून? तुझा नवरा होता, तर माझा कोणी नव्हता का तो? तू रडलीस, सगळ्यांनी तुला धरलं. मला कोणी विचारलं? मी नोकरी सोडून आले ते काय तुझ्या शिव्या खायला? त्याच्या जागेवर बसायला मिळावं म्हणून आले! दिवसातून एकदा तरी कोणीतरी त्याचं नाव काढेल म्हणून! आणि तू... तू त्याची फाइल..."

शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. कोणीतरी ऐकत होतं. ऐकू दे.

ठमी ओरडताना मी कधी बघितली नव्हती. नाक लाल, मान पुढे. अगदी याच्यासारखी. मी बघतच राहिले, मग म्हटलं, "बाजूला ठेवली आहे गं. दोन ठिकाणी. एवढी बावळट आहे का मी?"

तिने डोळे पुसले. "आधी सांगता येत नाही?"

"तू बोलू दिलंस का?"

ती हसली, मग पुन्हा रडली. मीही. चहा टाकायला दूध नव्हतं, तर पाणी प्यालो.

तिथेच थांबायला हवं होतं. मी राहिले असते गप्प, तर ती राहिली असती. मोबाइल हातातच होता तिच्या, नाही म्हणून कळवायला. ते टेबल, तो तिरका लॅपटॉप, सगळं जिथल्या तिथे. आता मला ते हवं होतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. आणि नेमकं तेव्हाच जिभेने दगा दिला.

"खातेप्रमुखांना मी जे सांगितलं ना," मी म्हटलं, "ते तुला घालवायला सांगितलं होतं."

तिने मोबाइल खाली ठेवला. मग अगदी साध्या आवाजात, "म्हणजे खोटं होतं?"

"नाही."

"पायाशी बसते ते?"

"खरं."

"हात अचूक?"

"सगळं खरं. कशाला सांगितलं ते वाईट होतं. सांगितलं ते नाही. ते मला सांगून झाल्यावर कळलं."

ती खिडकीशी गेली. खाली कोणीतरी सायकलला हवा भरत होतं, तिकडे बघत म्हणाली, "मग मला जायला हवं, वहिनी. तुला बरं वाटावं म्हणून मी चुकीची वर्तुळं बनवत बसले. ते मला इतकं नीट जमलं की माझी मलाच भीती वाटते. इथे राहिले तर आयुष्यभर तेच करीन."

मी म्हटलं, "जा. तिथली माणसंही काही फार हुशार नसतील."

"तुझ्याइतकी कोणीच नसतात," ती म्हणाली. टोमणा होता. चांगला होता.

शनिवार, ३० मार्च

या आठवड्यात तिने सगळी टेम्प्लेट्स नव्याने बांधून दिली. आता कोणतीही क्लिप मधून ओढली तरी तिची सुरुवात आणि शेवट तुटत नाही. फक्त मधला भाग लांबतो. "तू ओढणारच, मला माहिती आहे," म्हणाली. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा तुझं काम जास्त सहनशील आहे.

स्टेशनवर गेले होते. तिच्या बॅगेचं चाक मोडकं. दोघींनी मिळून उचलली. गाडी सुटताना तिने काय म्हटलं ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही आणि मीही मान हलवून दिली.

टेबल रिकामं आहे. दुपारी ऊन येतं. त्या उन्हाला काही म्हणजे काही अर्थ नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

फिजिओबाईंच्या शेवटच्या फिल्मवर आज पाटी लावायची होती: व्यायाम कोणी सांगितला, चित्रण कोणाचं, वर्तुळं कोणाची. ठमीचं पूर्ण नाव मी पहिल्यांदाच टाइप केलं. इतक्या वर्षांत कधी लिहायची वेळच आली नव्हती. आडनाव माझंच आहे, म्हणजे खरं तर तिचंच. मी नंतर आले.

निळी पट्टी डावीकडून घसरत आली, तिच्यावर नाव उमटलं, जरा थांबलं, निघून गेलं. वाईट नाही. पण फार लवकर गेलं. मी क्लिप धरून ओढली. पट्टी तशीच छान आली, नाव राहिलं, राहिलं, आणि मग हळूच गेलं. कुठे काही तुटलं नाही.

फिजिओबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे नाव जरा जास्तच वेळ राहतंय, नाही का?"

"वाचायला वेळ लागतो," मी म्हटलं.

"अहो, तीन शब्दांचं तर नाव आहे!"

मी ते आणखी थोडं ओढलं.